चार सूत

जिन्याच्या लाकडी कठड्याखाली भुसा दिसला.
पिवळा, ताजा,
पाॅलिशपेपरखाली पडतो तसा बारीक.
वर पाहिलं. भोक.
गोल म्हणजे गोल.
शालन म्हणाली, भुंगा शिरलाय, रॉकेल वता की.
मी आतून व्हर्निअर आणला.

चार सूत.
कड कुठं फाटली नाही, फळी कुठं उचकटली नाही.
एकतीस वर्षं उद्यमनगरात मी लाकडी पॅटर्न केले,
पंपांचे, पुलींचे, तेलाच्या इंजिनांचे.
भोक पलीकडं निघताना लाकूड फुटतं,
म्हणून मागं भंगार फळी धरायची,
एवढं रियाज मुल्लाणीला शिकवायला
मला दोन पावसाळे लागले.
हिला कुणी शिकवलं?
टॉर्च मारली :
इंचभर सरळ आणि मग थेट काटकोनात वळलेलं.
कुठल्या मशीनवर काढाल हे? सांगा.

दुपारी ती स्वतः आली.
काळीकुट्ट, अंगठ्याच्या पेराएवढी,
पंखांवर निळी-जांभळी झाक,
तापवलेल्या छिन्नीवर पाणी द्यायच्या आधी
क्षणभर चढते, तीच.
तो रंग ओळखायला डोळा लागतो.
चुकला तर धार मऊ.

शेजारी चौगुल्यांची वांगी यंदा फुलून फुलून गळली.
दर सोमवारी, सुट्टीला,
ते पाठीवर पंप घेऊन वाफे ओले करतात.
"टिकंनातच बघा फुलं," म्हणाले,
"औषध बदलून बघतो."
मी काही बोललो नाही.
माझं बोलणं कुंपणापलीकडं जरा मोठ्यानंच जातं,
शॉपमधल्या ग्राइंडरनं माझे कान कधीच नेलेत.

म्हणून गुणगुण वगैरे मला ठाऊक नाही.
मी आमच्या वांग्याच्या झाडाशी बसलो, पाटावर,
देठाला दोन बोटं लावून.
ती फुलाला खालून लटकली, पोटाशी धरलं,
पंख मिटले,
आणि बोटांत आलं.
क्लच दाबून इंजिन रेस करावं तसं :
चाक जागेवर, आत सगळं थरथरतंय.
फुलातल्या त्या पिवळ्या नळ्यांना
टोकाशीच काय ती बारीक भोकं,
मिठाच्या डबीसारखी.
हलवल्याशिवाय देत नाहीत.
तिच्या पोटावर पिवळी पूड सांडली.
वीस वर्षांत पहिल्यांदा
मला एक आवाज आला,
बोटांतून.

त्यानंतर मी जरा येड्यासारखं वागलो.
बागेत फरशी घालायची ठरली होती, ती रद्द केली,
कारण कोपऱ्यातल्या उघड्या मातीत
निळ्या पट्ट्यांची एक लहान माशी
रोज संध्याकाळी कुठंतरी गुडूप व्हायची.
कोथिंबीर उपटू दिली नाही, फुलू दिली.
शालन आठवडाभर बाजारातून जुडी आणत राहिली,
दहा-दहा रुपये, आणि माझ्याकडं बघत राहिली.
आंब्याचा एक ओंडका घेतला,
ड्रिल काढलं, चार सूत, तीन सूत, एक सूत,
रांगेत, लेव्हल लावून, आतून घासून गुळगुळीत.
भिंतीला उन्हाकडं तोंड करून टांगला.

सहा महिने कोणी फिरकलं नाही.
मग एक सूतवाल्या भोकाच्या तोंडाशी
गुलाबाच्या पानाची हिरवी चकती बसलेली दिसली,
पंचानं काढल्यासारखी.
आणि काळीनं?
काळीनं माझी सगळी भोकं तपासली,
एकेक, आत डोकं घालून,
आणि त्यांच्याच शेजारी, बोटभर अंतरावर,
स्वतःचं नवीन पाडलं.
मी असतो तर मीही तेच केलं असतं.
दुसऱ्याच्या हातचं काम कोण वापरतो.

पंपाचं औषध मात्र कुंपण मानत नाही.
शेवटी चौगुल्यांना हाताला धरून आणलं,
पाटावर बसवलं,
त्यांची दोन बोटं देठाला लावली.
बराच वेळ कोणी आलं नाही.
मग आली.
चौगुले काहीच म्हणाले नाहीत, बोटं तशीच ठेवून बसले.
पुढच्या सोमवारी पंप निघाला,
पण संध्याकाळी, उशिरा,
आणि वांग्यांना वळसा घालून.

दिवाळीला रंगारी आला.
कठड्यावर पट्टी घासत म्हणाला,
काका, भोकं पडल्यात, लांबी भरतो.
मी म्हटलं, थांब जरा.
डबा उघडला, बारीक ब्रश घेतला,
आणि त्या चार सुतांभोवती काळी कडी काढली.
आमच्या शॉपमध्ये काळा म्हणजे :
इथं मशीन लावायचं नाही.
आहे तसं राहू द्यायचं.